खिम्याची झाकली मूठ

मटणाच्या तुकड्याला खोटं बोलता येत नाही. नळी असली तर नळी दिसते, चाप असली तर चाप दिसते. सीन्याच्या तुकड्याला आपली चरबी झाकता येत नाही आणि मानेच्या तुकड्याला आपली हाडं. वाटीत आलेला तुकडा बोकडाच्या कुठल्या प्रांतातून आला हे आमच्या घरातली म्हातारी माणसं नुसत्या चमच्याने उलटून सांगत. खिम्याचं तसं नाही. खिमा म्हणजे झाकली मूठ. एकदा बारीक झाल्यावर मांडी काय, खांदा काय आणि सकाळपासून ओंडक्याच्या कडेला बेवारशी पडलेले कातरण काय, सगळे एका रंगाचे आणि एका मापाचे. माणसांना इतक्या वर्षांत जमली नाही ती समता खिमा दोन मिनिटांत आणतो.

समता आली की पाठोपाठ संशय येतो. मांसाहारी घरांत त्यामुळे खिम्यावरून दोन पक्ष पडतात. पहिल्या पक्षाचं म्हणणं, खिमा खावा तर बाहेरच. घरी त्याला तसा तवंग येत नाही, आणि इराण्याच्या बशीतून घरच्या ताटात आला की त्याची अर्धी चव वाटेतच सांडते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, बाहेर काय हवं ते खा, पण खिमा नको. ‘काय घातलंय कुणाला ठाऊक!’ हे या पक्षाचं घोषवाक्य. गंमत अशी की याच पक्षाची माणसं रस्त्याकडेची भुर्जी खातात, पाणीपुरी संपल्यावर नुसतं पाणी मागून पितात आणि उसाच्या रसातला बर्फ कुठून आला हे कधी विचारत नाहीत. त्यांनी आपली सगळी चिकित्सा खिम्यासाठी राखून ठेवलेली असते.

या पक्षाला वेड्यात काढण्याआधी जरा युरोपाकडे पाहावं. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुकानांतल्या बीफ बर्गरांची तपासणी जाहीर केली, तेव्हा काही बर्गरांत घोडा निघाला. एका नमुन्यात तर घोड्याचा वाटा २९ टक्के होता. मग गोठवलेल्या लझान्यातही तो सापडू लागला आणि घोड्याने अर्ध्या युरोपाची फेफे उडवली. अख्ख्या तुकड्यात घोडा इतका लांब पळाला नसता. त्याला पळायला खिम्याचंच रान लागलं. आपल्याकडे घोड्याची भीती नाही, तो परवडणार नाही. आपली भीती मध्यमवर्गीय असते: फुप्पुस असेल, पडदे असतील, जास्तीची चरबी असेल, आणि मुख्य म्हणजे कालचं असेल.

म्हणून खाटकाच्या दुकानात खिमा मागण्याची एक रीत आहे. ‘अर्धा किलो खिमा द्या’ असं जो म्हणतो तो नवखा. जाणता माणूस आधी मांडीकडे बोट दाखवतो. ती तोलून घेतो, हाड वेगळं करवतो, ते हाड आपलंच आहे हे मनात टिपून ठेवतो, आणि मग आत्ताच सुचल्याचा आव आणून सांगतो, ‘आता याचा खिमा करून टाका.’ त्यानंतर मान वळवायची नाही. मोबाइल वाजला तर वाजू द्यायचा. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्यात श्रावण, एकादशी आणि संकष्टी वजा जाता माणसाच्या हाती जे मोजके वार उरतात, ते तो असे हलगर्जीपणाने घालवत नाही. मटण हा आपल्याकडे खासगी विषय नाहीच. २०१९ च्या अखेरीस दर वाढला म्हणून कोल्हापूरकरांनी रीतसर आंदोलन केलं होतं.

‘हाताचा का मशीनचा?’ हा खाटकाचा पुढचा प्रश्न. हाताचा म्हणजे चिंचेच्या लाकडाच्या ओंडक्यावर दोन सुरे आळीपाळीने चालवून केलेला. चिंचेचं लाकूड घट्ट असतं, त्याचे ढलपे सहजी निघत नाहीत, म्हणून तेच. हाताच्या खिम्याचा कण वेगळा राहतो, दाताखाली लागतो, आणि त्यातला रस त्यातच राहतो. पण त्याला वेळ लागतो, आणि मागे रांगेत पाय बदलत उभे असलेले लोक आपल्या पाठीकडे ज्या नजरेने पाहतात ती सोसण्याची तयारी लागते. मशीनचा खिमा चटकन होतो, पण त्यात एक बारीक गोम आहे. मशीनच्या पोटात आधीच्या गिऱ्हाइकाचा थोडा ऐवज अडकलेला असतो. आपला खिमा सुरू होतो तो त्याच्या शेवटाने, आणि आपला शेवट पुढच्याच्या पिशवीत जातो. ही देवघेव वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिचा हिशेब कोणी मागितलेला नाही. मात्र पुणे जिल्ह्यात वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी जी घरं बोकड न खाता मेंढीचंच मटण खातात, ती पाटी वाचून ‘बोल्हाईचं मटण’ विकणारं दुकानच गाठतात. बारीक झाल्यावर मेंढी कोण आणि बोकड कोण हे देवीलाच ठाऊक.

या सगळ्यावरचा शेवटचा उपाय म्हणजे खिमा घरी करणं.

आता कोणी म्हणेल, हे आजच्या हौशी स्वयंपाक्यांचं खूळ आहे. तसं नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली निघालं, तेव्हाच पाठारे प्रभूंच्या सामिष स्वयंपाकाची विद्या छापून घरोघर पोचली होती. आम्ही कायस्थ. आमच्यात खिम्याचं पॅटिस ही पाहुण्यांची पायरी ओळखण्याची खूण आहे. कोणासाठी नुसतं बिरडं आणि कोणासाठी पॅटिस, यावरून नात्यातली जवळीक कळते. पॅटिस म्हटलं की बटाट्याच्या पारीत खिमा हवा, आणि तो कोरडा, मोकळा, एकही शीर नसलेला हवा. पारी फुटून एखादी शीर पाहुण्याच्या दातात अडकली, तर त्याची वार्ता पुढच्या लग्नसराईपर्यंत टिकते. तेवढ्यासाठी आमच्या आत्याने खिम्याचं मशीन घेतलं होतं. ती गेल्यावर दागिने मुलींकडे गेले आणि मशीन आमच्याकडे आलं. वाटणी कोणालाच अन्यायाची वाटली नाही.

मशीन बिडाचं, वरून कथलाचा मुलामा, खाली टेबलाला आवळायचा स्क्रू आणि बाजूला लाकडी मूठ. अशा मशीनांना नंबर असतात, पाच, आठ, दहा, पार बत्तीसपर्यंत. आमचं आठ नंबरचं. ते ज्याने घडवलं त्याच्या डोळ्यांसमोर लाकडी टेबल होतं. आपल्या स्वयंपाकघरात असतो कडाप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीला चिकटलेला आणि पुढून जाड पट्टी बसवलेला. तिथे स्क्रूला पकडायला जागाच नसते. म्हणून मशीन लागतं जेवणाच्या टेबलाला. खाली वर्तमानपत्रं, सनमायकाला ओरखडा नको म्हणून मध्ये जुन्या चादरीची पट्टी, समोर परात, आणि टेबल हलू नये म्हणून एकाने ते धरून बसायचं. आमच्याकडे हे काम आईचं. ती टेबलाला हातही लावत नाही. ती पलीकडच्या खुर्चीत बसून सूचना करते, आणि टेबल हलत नाही.

परवा मुलगी होस्टेलवरून आली आणि पॅटिसची फर्माईश झाली. मूठ फिरवण्याचं काम तिच्याकडे गेलं, कारण ज्याला खायचंय त्याने फिरवायचं.

‘बाबा, हे पाकिटात मिळतं की आता! धुतलेलं, दळलेलं, गोठवलेलं.’

‘मिळतं ना,’ आई म्हणाली. ‘पाकिटावर तारीख असते. बोकड नसतो.’

मशीनचं शास्त्र थोडकं आहे, पण ते मोडलेलं मशीनला चालत नाही. आत मळसूत्र, त्यापुढे चार पात्यांची सुरी, त्यापुढे भोकांची जाळी आणि या सगळ्यांना जागेवर ठेवणारं कडं. सुरीची सपाट बाजू जाळीकडे हवी. उलटी बसली तर मशीन कापत नाही, चेंगरतं, आणि खिम्याऐवजी लगदा बाहेर येतो. मटण गार हवं. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून त्याच्या कडा कडक करायच्या. मटण कोमट असलं की चरबी मऊ पडते आणि जाळीला लिंपली जाते, मग भोकं बुजतात. पडदे आणि शिरा आधीच काढायच्या, कारण त्या कापल्या जात नाहीत. त्या सुरीला गुंडाळतात आणि फिरवणाऱ्याचा हात एकदम अडतो.

‘अडलं का?’ आईने विचारलं. ‘पडदा राहिला असेल. मी म्हटलंच होतं.’

तिने तसं म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं, पण पडदा राहिला होता हे खरं. कडं सोडवलं, सुरी काढली, तिला वेढून बसलेली पांढरी शीर नखाने सोडवली, पुन्हा सगळं बसवलं. मग मात्र मूठ फिरायला लागली, आतून करकर आवाज आला आणि जाळीच्या एकेका भोकातून लाल, पांढऱ्या ठिपक्यांच्या दोऱ्या निघून परातीत पडू लागल्या. मुलीने मोबाइल काढला. खिम्याची ही अवस्था फोटो काढण्याजोगी असते, पुढची असतेच असं नाही. शेवटी मळसूत्रात जे अडकून राहतं ते काढायला पावाचा तुकडा आत घालायचा. जाळीतून पावाचा पांढरा रंग दिसू लागला की समजायचं, मटण सगळं बाहेर आलं. तो पावही वाया जात नाही, पॅटिसला उपयोगी पडतो.

घरी खिमा करण्याचा मोठा फायदा चवीत शोधू नये, धुण्यात शोधावा. विकतचा खिमा धुवायचा का नाही, या प्रश्नावर आपल्याकडच्या संसारांत जेवढं मौन पाळलं गेलं आहे तेवढं कशावरच नसेल. धुतला तर रंग, रस, चव सगळं गाळणीतून मोरीत जातं. न धुतला तर घास घशाखाली उतरत नाही. पाश्चात्त्य अन्नतज्ज्ञ सांगतात, कच्चं मांस धुऊच नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. त्यांनी हे आमच्या आईसमोर येऊन सांगावं. घरच्या मशीनने हा तंटा मिटतो: अख्खा तुकडा धुवायचा, पुसून कोरडा करायचा आणि मग दळायचा.

जंतूंच्या बाबतीत मात्र त्या तज्ज्ञांचं एक म्हणणं पटण्यासारखं आहे. अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्यावर. दळलं की वरचं आत जातं आणि आतलं वर येतं. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं अख्खा तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवून थोडा मुरू दिला तरी चालेल म्हणतं, पण खिम्याला ७१ अंशांची अट घालतं. आपल्याला या अंशांचा धाक नाही. आपल्या कुकरच्या पोटात १२० अंशांच्या आसपास कारभार चालतो. तीन शिट्ट्या सोसून जो जंतू उरेल त्याला घरचा सदस्य मानायला हरकत नाही.

शिजवण्यात खिमा तसा समजूतदार. त्याची एकच खोड, गुठळी होण्याची. तापलेल्या तेलात कोरडाच टाकला की तो दचकून आपल्याच अंगाला बिलगतो, आणि मग डावाने कितीही फोडा, गोळे राहतातच. आई आधी त्यात थोडं दही आणि पाणी कालवून तो सैल करते, मग फोडणीत सोडते. मिठाचीही एक गंमत आहे. कच्च्या खिम्याला मीठ लावून मळलं की मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि खिमा एकजीव होतो. कबाबाला हे हवं असतं, पॅटिसच्या सारणाला नको असतं. म्हणून कबाबात मीठ आधी आणि सारणात शेवटी. हे कारण आईला ठाऊक नाही. मीठ मात्र तिने कधी चुकीच्या वेळी घातलं नाही.

त्या दुपारी पॅटिस झालं आणि रीतीप्रमाणे कौतुक झालं. ‘घरच्याची सर कशाला नाही’ हे वाक्य एका पॅटिसमागे एकदा या वेगाने म्हटलं गेलं. मग सगळे उठले, कोणी बडीशेप घेतली, कोणी पंख्याखाली आडवं झालं, आणि टेबलावर मशीन उरलं.

खिम्याच्या मशीनचे पाच भाग सुटे होतात आणि पाचही तुपकट असतात. मळसूत्राच्या वळणांत ब्रश जातो पण वळत नाही. जाळीला जितकी भोकं तितक्या ठिकाणी काहीतरी अडकलेलं, आणि प्रत्येक भोकात खराट्याचा हीर घालून ते ढकलायचं. मग गरम पाणी, साबण, पुन्हा गरम पाणी. मग लगेच कोरडं पुसून वर तेलाचं बोट, कारण मुलामा जुना झालाय आणि बीड गंज धरायला टपलेलं असतं. हे सगळं खिमा दळण्यापेक्षा जास्त वेळ चालतं. पाककृतीच्या पुस्तकांत ‘अर्धा किलो खिमा घ्यावा’ एवढं लिहिलेलं असतं. ‘मशीन धुवावं’ ही ओळ अजून माझ्या वाचनात नाही. चूल पेटण्याआधीचं आणि ताट उचलल्यानंतरचं, ही दोन प्रकरणं पाकशास्त्राने गृहीत धरून सोडून दिली आहेत. गृहीत कोणाला धरलंय हे सांगायला नको.

आता बाहेरच्या खिम्याकडे येऊ.

मुंबईत खिमा खायचा तर सकाळी. कुलाब्यात १९१८ सालचं ऑलिंपिया आहे, धोबीतलावाला १९०४ सालचं कयानी आहे, फोर्टात १९३३ सालचं कॅफे मिलिटरी आहे. इराण्याकडचा खिमा बशीत येतो तेव्हा वर तेलाचा लालसर तवंग असतो, कडेला कांदा आणि लिंबाची फोड. लादीपाव वेगळा, मऊ, अजून उबदार. पावाचा तुकडा आधी नुसत्या तवंगात टेकवायचा, मग खिम्यात. लिंबू पहिल्या घासानंतर पिळायचं. पहिला घास निर्मळ खायचा असतो. शेजारी चहा. कोणाला खिम्यात अंडं मोडून केलेला घोटाळा हवा असतो, पण तो भुकेच्या दिवशी. समोरच्या खुर्चीत अनोळखी माणूस येऊन बसतो. त्याचाही खिमाच असतो, आणि दोघंही एकमेकांकडे न पाहता एकाच कामात गुंततात.

आमच्या घरी एकेक पडदा नखाने सोलून काढणारी माझी बायको अशा ठिकाणी एक चकार शब्द विचारत नाही. मीच एकदा म्हटलं, ‘अगं, यात मांडी असेल का खांदा?’

‘अहो, गप्प खा.’

‘नाही म्हणजे, घरी तू इतकं बघतेस.’

‘घरी बघते म्हणूनच,’ ती म्हणाली. ‘घरी जेवायला बसते तेव्हा त्या खिम्याच्या कणाकणाशी माझी सकाळपासून ओळख झालेली असते. भूक राहील कशी? इथे कुणी ओळखीचं नाही. बरं वाटतं.’ आणि तिने आणखी दोन पाव मागवले.

बाहेर खाण्याचं सुख काय, याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या खाद्यसमीक्षकाने दिलेलं नाही. माणूस बाहेर खातो तो चवीसाठी खातोच, पण त्याहून जास्त न कळण्यासाठी खातो. कांदा कोणी चिरला, मसाला कोणी वाटला, काल गॅस संपला होता का, बाई आली होती का, यातलं काहीही माहीत नसताना बशी समोर यावी आणि रिकामी होऊन परत जावी. ती रिकामी बशी पुढे कुठे गेली हेही आपल्याला कळत नाही. कळावं असंही कोणाला वाटत नाही.

आपल्या समाजाला हे सुख घ्यायला बराच वेळ लागला. घरात चूल धडधाकट असताना बाहेर जेवणं म्हणजे एकतर वाईट चालीचं लक्षण नाहीतर घरात काही बिनसल्याची खूण. मुंबईने त्यावर १८९० च्या सुमारास मोठी युक्ती काढली: बाहेर जेवायचं, पण घरचंच. डबेवाले आले आणि घरची पोळी-भाजी कचेरीच्या टेबलावर पोचू लागली. आता बरोब्बर उलटं झालंय. माणूस घरी बसतो आणि पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला मुलगा बाहेरचं जेवण त्याच्या दारात आणतो. घर बाहेर जात होतं, आता बाहेर घरात येतं. दोन्ही वेळा ओझं वाहणारा मात्र तिसराच.

मध्यंतरी या दोन टोकांच्या मध्ये खानावळ होती. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकेकटे आलेले कामगार चाळीतल्या एखाद्या बाईकडे जेवत. ती बाई आपल्याच चुलीवर आपल्या घराच्या भाकऱ्यांबरोबर आणखी दहा-पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या कचाट्यातून सोडवून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. मला या गोष्टीतलं एक नवल नेहमी वाटत आलं आहे. बाई तीच, चूल तीच, पीठही एकाच डब्यातलं. घरच्या माणसाच्या ताटात पडली की भाकरी माया ठरायची, आणि तीच गिरणीकामगाराच्या ताटात पडली की धंदा ठरायची, तिचा हिशेब व्हायचा, तिच्यावर बँक कर्ज द्यायची. पहिल्या भाकरीलाही तेवढंच पीठ आणि तेवढाच घाम लागलेला होता, पण तो कुठल्या वहीत नव्हता.

आपण मात्र बाहेर ‘घरच्यासारखं’ शोधतो आणि घरी ‘हॉटेलसारखं’ झालं की खूश होतो. हॉटेलवाला पाटीवर ‘घरगुती जेवण’ लिहितो. ते वाचून आत शिरणारे कितीजण घरी जेवताना ‘आज काही वेगळं नाही का?’ असं विचारून बाहेर पडलेले असतात, याची मोजदाद व्हायला हवी. दोष कुणाचाच नाही. जिथे जे दिसत नाही ते तिथे आहे असं माणूस धरून चालतो.

खिम्याच्या दोन पक्षांतला वाद म्हणूनच मला हल्ली अपुरा वाटतो. बाहेरच्या खिम्यात काय घातलंय ते दिसत नाही, हे दुसऱ्या पक्षाचं म्हणणं खरं आहे. पण मूठ दोन्हीकडे झाकलेलीच आहे. घरच्या खिम्यात काय घातलंय ते सगळं दिसतं, कोण राबलंय ते दिसत नाही. मांडी कुठली, चरबी किती, मीठ केव्हा, याची आपण जातीने चौकशी करतो. शीर काढताना कोणाचं नख दुखलं, कोणाला गरम खायला मिळालं आणि कोणाचं पॅटिस शेवटी गार होऊन पुढ्यात आलं, ही चौकशी जेवणानंतरच्या बडीशेपेबरोबर मावळते. इराण्याच्या बशीवर निदान दर लिहिलेला असतो.

यावर कोणी मशीन विकून टाका म्हणेल, तर तेही नको. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा मटण हाताखालून जायला हवं. म्हणजे बाहेर दोन घासांत संपणाऱ्या गोष्टीला किती शिरा असतात याचा विसर पडत नाही. आणि अधूनमधून बाहेरही खायला हवं, डोळे मिटून, काही न विचारता. सगळं तपासूनच खाणाऱ्या माणसाचं पोट ठीक राहतं, पण त्याच्याबरोबर जेवायला कोणी येत नाही.

आमच्या घरात बायकोने आता एक नियम घालून दिला आहे. दळणारा कोणीही असो, खाणारा कोणीही असो, ‘घरच्याची सर नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघेल त्याने मशीन धुवायचं. तेव्हापासून पॅटिस पूर्वीइतकंच चांगलं होतं आणि जेवताना टेबलावर कमालीची शांतता असते. स्तुती सगळ्यांच्या ओठांवर आलेली दिसते, पण बाहेर पडत नाही. एकटी आई मोकळेपणाने कौतुक करते, कारण वयामुळे तिला सूट आहे.

नियम आमच्यापुरता आहे, पण त्यातला प्रश्न मी बाहेरही नेतो. लग्नाच्या पंगतीत, गाडीच्या डब्यात, कोणी आपल्या घरच्या स्वयंपाकाची थोरवी सांगायला लागलं की मी मन लावून ऐकतो. मसाला घरचा, तूप घरचं, खिमासुद्धा घरीच दळलेला, असं सगळं सांगून झालं की मग विचारतो, ‘जाळी कोण धुतं?’ बरेचजण ‘कसली जाळी?’ म्हणतात आणि विषय बदलतात. एखाद्याला उत्तर चटकन येतं. अशाने जेवायला बोलावलं तर मी शक्यतो नाही म्हणत नाही.